स्वागतयात्रेत अख्खं घर कामाला लावताना

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा बघायला जाणाऱ्या घराला सकाळी सातला बाहेर पडलं तरी चालतं. यात्रेत काम करणाऱ्या घराचा पाडवा आदल्या रात्री आठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीखंडाच्या वाटीवर डोळे मिटतात तेव्हा कुठे संपतो. एवढी तयारी असेल तर पुढचं वाचा.

डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली ही यात्रा सुरू केली आणि नंतर ती ठाणे, गिरगाव, कल्याण करत गावोगावी गेली. डोंबिवलीच्या फडके रोडवरची गर्दी, गिरगावात नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायका, ठाण्यातली कौपिनेश्वर मंदिराची पालखी ही चित्रं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. तिथे माणसांची ददात नसते. ती असते वॉर्डातल्या, दीड-दोन किलोमीटरच्या छोट्या यात्रांना आणि उपयात्रांना. तिथे ढोल पथक मिळतं, चित्ररथही निघतात, पण पाण्याच्या टेबलामागे उभं राहायला कुणी नसतं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकू. घरातल्या चौघांनी चार गटांत नावं देऊ नका. सगळ्यांनी मिळून एक काम आणि एक जागा घ्या. बाबा दोर धरायला, आई रांगोळीला, मुलगी लेझीमला आणि आजोबा पालखीबरोबर अशी वाटणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात साडेआठनंतर गर्दीत फोन लागत नाही, लागला तरी ढोलामुळे ऐकू येत नाही, आणि मग आई-बाबा हातातलं काम टाकून मुलीला शोधत फिरतात. शिवाय काम निवडताना घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाकडे बघू नका. सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस किती वेळ उभं राहू शकतं, त्यावर काम ठरवा.

नाव कधी आणि कसं द्यायचं

नियोजनाच्या बैठका साधारण महिना-दीड महिना आधी सुरू होतात. पहिल्या बैठकीला सगळे येतात आणि घोषवाक्यावरच दोन तास जातात. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला जा, कारण तेव्हा कामं वाटली जातात. आपला गटप्रमुख कोण, आपली जागा नेमकी कुठल्या दुकानासमोर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि सामान कोण आणणार, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. चौथा प्रश्न विसरला की घात होतो. टेबल मंडळ आणेल असं घराला वाटतं, ते घर आणेल असं मंडळाला वाटतं, आणि पाडव्याच्या पहाटे पाण्याचे जार फुटपाथवर बसलेले असतात.

पोलिसांची परवानगी आणि वाहतूक वळवण्याची सूचना हे आयोजकांचं काम, घराला त्यात पडायचं कारण नाही. मात्र रस्त्यावर टेबल लावणार असाल तर ते आयोजकांच्या नकाशात दाखवलंय ना, एवढं बघा. नकाशात नसलेलं टेबल बंदोबस्तावरचा हवालदार उचलायला लावतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

तारखेचाही विचार करा. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. अधिक मास आला की तो पुन्हा पुढे सरकतो, म्हणून २०२७ चा पाडवा ७ एप्रिलचा. मार्चमध्ये आला तर मुलांच्या वार्षिक परीक्षा जवळ असतात, त्यामुळे शाळकरी मुलांवर मोठी जबाबदारी टाकू नका. एप्रिलमध्ये आला तर उन्हाचा तडाखा जास्त, म्हणून पाण्याचा हिशोब वाढवा.

चौकातली रांगोळी

घराने घ्यायला सगळ्यात चांगलं काम हेच, कारण यात्रा सुरू व्हायच्या आधीच ते संपतं आणि सकाळी सगळे मोकळे असतात. पहिल्या वर्षी दहा बाय दहा फुटांपलीकडे जाऊ नका. चार माणसांना तेवढ्यालाच अडीच-तीन तास लागतात. सामान असं: पांढरी रांगोळी तीन किलो, तीन रंगांत मिळून पाच किलो, दोन चाळण्या, खडू, नायलॉनची दोरी, खराटा, डोक्याला लावायची बॅटरी. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर त्या माणसाला चाळणी देऊ नका, आणि बाकीच्यांनीही तोंडाला मास्क लावा.

रस्ता धुवायचा असेल तर संध्याकाळी सातच्या आत धुऊन घ्या. ओल्या डांबरावर भुकटीच्या गुठळ्या होतात आणि रंग काळपट दिसतो. रांगोळी रस्त्याच्या मधोमध न काढता एका कडेला काढा. पालखी आणि चित्ररथ तिला वळसा घालून जाऊ शकले पाहिजेत, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत तिच्यावरून चाकं जातात.

वर्तुळ काढायला खिळा लागत नाही. आजोबांनी मध्यभागी खुर्ची टाकून बसायचं आणि दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचं. दुसऱ्या टोकाला पाच फुटांवर खडू बांधून नातीने दोरी ताणत फिरायचं. दोरी सगळीकडे सारखीच ताणलेली ठेवा. कुठे जास्त, कुठे कमी ताणली की वर्तुळ जिथून सुरू केलं तिथे येऊन मिळतच नाही. वर्तुळ झालं की आजोबांना उठवून खुर्ची बाहेर काढा आणि मधून बाहेर, मागे सरकत रंग भरा. कडेपासून सुरुवात केली तर शेवटी मधोमध माणूस अडकतो. चाळणी जमिनीपासून वीतभर उंचीवर धरा. त्याहून वर गेली की वाऱ्याने रंग शेजारच्या पाकळीत उतरतो. आधी रंगांची सपाट भर पूर्ण करायची आणि पांढऱ्या रेघा सगळ्यात शेवटी, पाच बोटांनी, त्या भरीवर सोडायच्या. नवशिके आधी पांढरी आकृती काढून मग रंग भरतात, आणि अर्ध्या रेघा रंगाखाली जातात.

पेव्हर ब्लॉकवर रांगोळी काढायची वेळ आली तर आधी सांध्यांत बारीक रेती भरून झाडून घ्या. तसं केलं नाही तर सांधे तीन-चार किलो रंग गिळतात आणि फटी तरीही दिसतच राहतात.

रात्री राखण लागते. चारही कोपऱ्यांना खुर्च्या उलट्या ठेवून त्यांना चमकणारी पट्टी चिकटवा आणि दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. भटकी कुत्री मोकळी रांगोळी बघून हमखास तिच्यात बसतात, का ते त्यांनाच माहीत. पहाटेच्या दूधवाल्याच्या आणि पेपरवाल्याच्या गाड्या येतात त्या चार ते सहा या वेळेत जागं राहणारा माणूस हवा. बाकीच्यांनी झोपून घ्यावं.

पाण्याचं टेबल

हिशोब सोपा आहे. हजार माणसांची यात्रा, माणशी दीडशे मिलिलिटरचे दोन ग्लास, म्हणजे तीनशे लिटर. वीस लिटरचे पंधरा जार. एप्रिलचा पाडवा असेल तर वीस सांगा. जारवाल्याला आदल्या संध्याकाळीच आणायला सांगा, कारण सकाळी सहानंतर रस्ते बंद होतात आणि त्याची गाडी आत येत नाही. जार रात्री जवळच्या दुकानात किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत ठेवता येतात.

जागेच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. टेबल चौकात लावू नका, चौक ओलांडल्यावर तीस-चाळीस पावलांवर लावा. चौकात ढोल थांबतो, गर्दी थबकते, त्यात पाण्याला रांग लागली की रस्ताच बंद. दुसरं म्हणजे सावली. सात ते अकराच्या दरम्यान ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून उत्तर-दक्षिण रस्त्यावर पूर्वेच्या बाजूच्या इमारतींची सावली रस्त्याच्या पूर्व कडेलाच पडते. टेबल त्या बाजूला. पश्चिमेच्या बाजूला लावलंत तर नऊ वाजता पाणी कोमट होतं आणि टेबलामागची आजी उन्हात भाजून निघते.

एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे ग्लास १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. स्टीलचे साठ ग्लास जमवा. इमारतीतल्या पाच-सहा घरांतून सहज मिळतात, फक्त प्रत्येकाच्या ग्लासावर खाली वेगळ्या रंगाचा ठिपका लावा, म्हणजे परत देताना भांडणं होत नाहीत. मागे दोन टब ठेवा, एक साबणाच्या पाण्याचा, एक स्वच्छ पाण्याचा. स्वच्छ पाण्याचा टब दर पंधरा मिनिटांनी बदला. हे पाणी जारचं नको. एखाद्या सोसायटीच्या नळाला पाइप जोडायची परवानगी आधीच घेऊन ठेवा. ग्लास कुणाला जारमध्ये किंवा पातेल्यात बुडवू देऊ नका. एकाने जगमधून ओतायचं, दुसऱ्याने ट्रे पुढे करायचा, तिसऱ्याने रिकामे ग्लास गोळा करायचे आणि चौथ्याने धुवायचे. चौघांच्या घराला नेमकं पुरतं. ओतायचं काम आजीला द्या, ते बसून करता येतं.

नुसत्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचं काहीतरी हवंच. दहा लिटर लिंबू सरबताला मध्यम आकाराची पंचवीस लिंबं, पाऊण किलो साखर आणि पाच चहाचे चमचे मीठ. यात साधारण पासष्ट ग्लास होतात. ते सगळ्यांना वाटू नका. ढोल वाजवणाऱ्यांना, पालखीच्या भोयांना, लेझीमच्या मुलांना आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना आधी द्या. लिंबं आदल्या रात्री पिळून रस फ्रीजमध्ये ठेवा आणि पाण्यात सकाळीच मिसळा. रात्रीच बनवलेलं सरबत सकाळपर्यंत कडवट होतं. बर्फाची लादी आणून त्यात फोडू नका, तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. थंड हवं असेल तर दोन माठ भरून ठेवा.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना ट्रे घेऊन फिरायला फार आवडतं. फिरू द्या, पण एका अटीवर. ढोल थांबला की पथकात शिरायचं, वाजवणं पुन्हा सुरू व्हायच्या आत बाहेर यायचं. वाजवण्याच्या भरात वादकाला कमरेच्या उंचीचं मूल दिसत नाही आणि ढोल वाजवायचं टिपरू नाकावर बसतं.

चक्कर येणारा माणूस पहिला याच टेबलाशी येतो. त्याला सावलीत आणा, आणि पाणी पाजायच्या आधी फेटा उतरवा, कमरेचा शेला, कासोटा सैल करा. मग मान आणि बगलेत ओलं फडकं ठेवा आणि पाय उशीएवढे वर घ्या. नीट बोलत असेल तर घोट घोट सरबत द्या. बोलणं असंबद्ध असेल, उलटी होत असेल किंवा अंग तापलेलं असूनही घाम थांबला असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका कुठल्या गल्लीतून आत येऊ शकते हे गटप्रमुखाकडून सकाळीच विचारून ठेवा. गुगलचा नकाशा बंद रस्ता दाखवेलच असं नाही.

फेटे

फेट्याला साधारण आठ ते नऊ मीटर कापड लागतं, लहान मुलाला त्याच्या निम्मं. सराईत हाताला एका डोक्याला तीन मिनिटं पुरतात. म्हणजे चाळीस डोकी आणि बांधणारे दोघे असतील तर पक्का एक तास. यात्रा साडेसहाला निघणार असेल तर पाच वाजता बसायला हवं. हा हिशोब न केल्यामुळे दरवर्षी अर्धी मंडळी हातात कापड घेऊन यात्रेमागे धावताना दिसतात.

बांधताना कपाळावर एक बोट आत जाईल इतकी सैल जागा ठेवा. घट्ट फेट्याने दीड तासात डोकं ठणकायला लागतं आणि मुलं तो काढून बाबांच्या हातात देतात. केस ओले असताना बांधू नका, आत घाम साचून फेटा घसरतो. घरात कुणाला बांधता येत असेल तर हेच काम घ्या. मुलांनी कापडाचं दुसरं टोक धरून चुणी सरळ ठेवायची, ते काम त्यांना बरोबर जमतं.

चित्ररथाबरोबर चालणं

हे काम मोठ्या माणसांचं. मुलं रथावर असतील, पण चाकाजवळ नकोत.

रथ सजवायच्या आधीच एक काम करून टाका. रथाच्या ध्वजासकट पूर्ण उंचीएवढा सुका बांबू कापा आणि दोन दिवस आधी संपूर्ण मार्गावर तो उभा धरून चाला. जिथे केबलची वायर किंवा फांदी बांबूला लागते तिथे खडूने रस्त्यावर खूण करा आणि आयोजकांना कळवा. रथाची उंची मोजताना टेम्पोचा हौदा, त्यावरची कमान आणि कमानीखाली उभ्या राहणाऱ्या शिवरायांच्या हातातला भगवा ध्वज, सगळं धरून मोजा. सजावट बारा फुटांत बसते, ध्वज उंचावला की चौदा होते, आणि नेमकी तिथेच तार असते. यात्रेच्या दिवशी वायर आडवी आली तर रथ थांबवा. ती केबलची की विजेची हे खालून कळत नाही, म्हणून हाताने किंवा लोखंडी काठीने कुणीही ती उचलायला जायचं नाही.

प्रत्येक चाकाशी एक असे चार जण हवेत. सजावटीमुळे ड्रायव्हरचे आरसे झाकलेले असतात आणि डावीकडचं पुढचं चाक त्याला मुळीच दिसत नाही. म्हणून पाचवा माणूस रथापुढे दहा पावलांवर, ड्रायव्हरला दिसेल असा, लाल आणि हिरवं फडकं घेऊन चालेल. हिरवं दिसल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार नाही, हे त्याच्याशी चहा पिताना आधीच ठरवा. ओरडून सांगितलेलं त्याला ऐकू येणार नाही. गाडी मुंगीच्या पावलाने चालवत ठेवू नका. अर्ध्या क्लचवर तासभर राहिली की क्लच प्लेट जळते आणि चौकात रथ बंद पडतो. पन्नास फूट जायचं, पूर्ण थांबायचं, पुन्हा पन्नास फूट जायचं. यात्रेत बंद पडणाऱ्या बाइकचंही कारण तेच असतं, शिवाय वारा न लागल्यामुळे इंजिन तापतं. बाइकवरून निघणाऱ्या पथकात पदराला आणि ओढणीला चाकापासून दूर, कमरेत घट्ट खोचायला सांगा. आणि फेटा म्हणजे हेल्मेट नव्हे. कायद्यातली सूट पगडी बांधणाऱ्या शिखांना आहे.

रथावरून प्रसाद, चॉकलेट, पेढे काहीही फेकू नका. पडलेलं चॉकलेट उचलायला मूल चाकाकडेच वाकतं. द्यायचंच असेल तर खाली चालणाऱ्याने हातात द्यावं.

रथावर टिळक, जिजाऊ, सावित्रीबाई बनून उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी कमरेच्या उंचीवर, सजावटीच्या मागे, एक आडवा बांबू पक्का बांधा. ब्रेक लागला की धरायला तोच असतो. एका मुलाला एक तासाहून जास्त उभं ठेवू नका, दोन संच ठेवा. दाढी-मिशीचा गोंद उन्हात खाजतो, म्हणून खोबरेल तेलाची लहान बाटली आणि कापूस खाली चालणाऱ्या आईच्या पिशवीत असावा. जनरेटर रथाच्या शेपटाशी ठेवून त्याच्या धुराचं तोंड मुलांपासून उलट दिशेला करा. तेल भरायचं ते जनरेटर बंद करून, थंड झाल्यावरच.

दोर आणि अंतर

यात्रा बघणाऱ्याला दिसत नाही पण काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते अंतर. ढोल पथक चौकात दहा मिनिटं थांबून वाजवतं. पुढची पालखी चालतच राहते. मध्ये दोनशे मीटरचा रस्ता मोकळा पडतो, त्यात एखादी रिक्षा शिरते, मग दुसरी, आणि यात्रेचे दोन तुकडे होतात. मग मागच्यांना पळावं लागतं. फेटा आणि नऊवारी सांभाळत पळणारी माणसं पडतात.

गर्दी आवरायला दोर धरणाऱ्या घराने म्हणूनच मागे नजर ठेवायची. मागच्या पथकाचं निशाण पन्नास पावलांपलीकडे गेलं की दोराच्या पुढच्या टोकाच्या माणसाने हात वर करायचा आणि पुढच्या पथकाने थांबायचं. शिट्टी ढोलात ऐकू येत नाही, फोनही नाही, म्हणून हातांच्या खुणा आदल्या दिवशी ठरवा. दोन खुणा पुरे आहेत, ‘थांबा’ आणि ‘डावीकडे व्हा’. दुसरी रुग्णवाहिकेसाठी. सायरन ऐकू यावा म्हणून आधी ढोल थांबवायचा, मग सगळ्यांनी एकाच बाजूला, डावीकडे सरकायचं. अर्धे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे गेले की मध्ये जागा झाल्यासारखी वाटते, पण चित्ररथापाशी ती संपते.

चालीचा वेग सगळ्यात लहान लेझीमवाल्या मुलाचा ठेवा. तासाला दोन किलोमीटर भरपूर झाले.

गर्दीला मागे सरकवताना ‘ए, मागे व्हा’ म्हणाल तर कुणी हलणार नाही. ‘काकू, जरा फुटपाथवर येता का, पालखी येतेय’ म्हटलं की काकू स्वतः हलतात आणि शेजारच्या चौघांनाही हलवतात. कॉलेजातल्या मुलामुलींपेक्षा हे काम घरातली आजी दसपट चांगलं करते. तिला स्टुलावर बसवून एक कोपरा द्या. तो कोपरा दिवसभर मोकळा राहतो.

रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. मार्गावर रुग्णालय असेल तर त्याच्या शंभर मीटर आधी फलक घेऊन एक जण उभा करा. पथकप्रमुखाला बैठकीत सांगितलेलं असतं, पण वाजवण्याच्या रंगात ते ध्यानात राहत नाही.

मुलं बरोबर असताना

तीन वर्षांखालचं मूल कामाच्या जागी आणू नका. त्याला घेऊन एकाने आठ ते नऊ या वेळात फक्त बघायला यावं. ढोलाशेजारी आवाज शंभर डेसिबलच्या सहज वर जातो, तेव्हा मुलांना पथकापासून वीस-तीस पावलं लांब ठेवा. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात. ते बोटांनी चुरून, कान वरच्या बाजूला हलका ओढून घालायचे, नुसते टेकवले तर गळून पडतात.

फोन नंबर मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहा आणि दुसरी प्रत चिठ्ठीवर खिशात ठेवा. मुलाचं नाव बाहेर दिसेल असं लटकवू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. ‘हरवलास तर आम्हाला शोधू नकोस, जिथे आहेस तिथेच थांब आणि गळ्यात बिल्ला असलेल्या काकूला सांग’, हे वाक्य घरी तीन वेळा म्हणवून घ्या. हरवले-सापडले टेबल तुमच्या घराकडे असेल तर मुलाला कुणाच्याही हवाली करताना फक्त ‘हे माझं मूल’ एवढ्यावर विसंबू नका. मनगटावरच्या नंबरला रिंग देऊन समोरच्याचा फोन वाजतोय का ते बघा. बराच वेळ कुणी आलं नाही तर बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगा. मदतीला १०९८ आणि ११२ आहेतच.

नवीन कोल्हापुरी चप्पल पाडव्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नऊवारीखाली बूट दिसतात म्हणून हसणाऱ्यांना हसू द्या.

घरची गुढी

यात्रेत काम करणाऱ्या घरात गुढी हमखास उशिरा उभी राहते. त्याची तयारी रात्रीच संपवा. काठी धुऊन पुसून ठेवा, जरीचं वस्त्र घडी करून, गाठी, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं आणि कलश एका ताटात काढा. सूर्योदय मार्चच्या मध्यानंतर मुंबईच्या बाजूला पावणेसातच्या सुमारास असतो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साडेसहाच्या. पण पाण्याच्या टेबलावर तुम्ही तेव्हा उभे असायला हवेत. त्यामुळे घरातलं एक मोठं माणूस मागे राहून सूर्योदयाला गुढी उभारेल आणि सातपर्यंत येऊन मिळेल, हे आधीच ठरवा. सगळ्यांना एकत्रच उभारायची असेल तर सरळ रांगोळीचं काम घ्या, ज्यात सकाळ मोकळी राहते. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून गोळ्या करा आणि डबीत घालून बरोबर न्या. टेबलावर आलेल्यांना पाण्याबरोबर एकेक दिली तर ती हातोहात संपते. चक्का रात्री टांगा, श्रीखंड पहाटेच्या आधी फ्रीजमध्ये गेलेलं असावं. पुऱ्यांची कणीक मात्र परत आल्यावरच भिजवा.

शेवटच्या रथामागे

सफाईचं काम कुणी मागून घेत नाही, म्हणून ते मागितलंत तर आयोजक तुम्हाला वर्षभर लक्षात ठेवतील. शेवटच्या रथामागे, महापालिकेच्या झाडूवाल्यांच्या पुढे चालायचं. तीन गोण्या बरोबर ठेवा: फुलं आणि पानं एका, कागद दुसऱ्या, उरलेला कचरा तिसऱ्या. फुलं आधी उचला. रस्ता मोकळा झाला की पहिल्या पाच मिनिटांत गाड्या झेंडूवरून जातात, त्याचा चिखल होतो आणि त्यावर स्कूटर घसरतात. फुलांची गोणी सोसायटीच्या खतखड्ड्यात जाऊ शकते, फक्त दोरे आणि जरीचे धागे काढून टाका. खांबांना बांधलेले झेंडे, पताका आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्याच दिवशी कापून काढा. उद्या काढू म्हटलं की त्या पावसाळ्यापर्यंत लोंबत राहतात. कात्री नाही, कटर घ्या, पट्ट्यांना कात्री चालत नाही.

ग्लास मोजून, ठिपके बघून ज्याच्या त्याच्या घरी द्या. दोन-तीन कमी येतातच.

घरी येऊन पुऱ्या तळून होईपर्यंत एक-दीड वाजतो आणि नंतर अख्खं घर झोपतं. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते. म्हणून जेवायला बसण्याआधीच साडेपाचचा गजर लावा, आणि एकाच्या नाही, दोघांच्या फोनवर.